दोन फेऱ्यांची गळती

सभा अकराची होती. साडेआठ वाजता सुलाबाईंनी पिठाची परात बाजूला सारली आणि प्रांजलला विचारलं, "कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"फक्त मला," प्रांजल म्हणाली. "आणि मला ठाऊक आहे हे आता तुम्हाला."

पिठाच्या डब्याला टेकवलेल्या लॅपटॉपवर एक निळी रेघ दिसत होती. ती रेघ म्हणजे प्रांजलचं वर्षभराचं काम. वाघदरा तलावाच्या भिंतीत दोन दारं होती, एक पाटाचं आणि एक नदीचं. पाटाच्या दारातलं पाणी उसाला, ज्वारीला जायचं. नदीचं दार बारमाही बंद ठेवायचं होतं, पण ते गळायचं. तीस-बत्तीस वर्षं गळतंय असं गावातलं पोरगंही सांगे. सुलाबाईंचे यजमान नाथाजी पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि गेल्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी आपल्या एम.एस्सी. पुतणीला, प्रांजलला, बोलावून घेतलं. "गळती किती, ते एकदा शास्त्रशुद्ध मोजून दे. पुढचं मी बघतो." तिने दाराखालच्या चरात पत्र्याची त्रिकोणी खाच बसवली, खाचेमागे बोटाएवढं यंत्र बुडवलं. ते दर तासाला पाण्याची उंची लिहून ठेवी. त्या उंचीवरून सेकंदाला किती लिटर वाहतं ते निघे.

तात्यांना, म्हणजे नाथाजींना, हवा होता एक आकडा. प्रांजलच्या हाती आली ही रेघ.

"मला बी सांग की, काय दिसलं तुला," सुलाबाई म्हणाल्या. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली, पण नजर रेघेवरून हलली नाही.

"काकी, तलाव भरलेला असला की दारावर पाण्याचा जोर जास्त, म्हणून गळती जास्त. पाण्याची उंची चौथाईवर आली तर गळती निम्म्यावर यायला पाहिजे. मे महिन्यात उंची चौथाईवर होती. गळती दसऱ्याला सेकंदाला अठरा लिटर, आणि मेमध्येही अठराच."

"आन् हे काय करवतीवानी?"

"तेच. आठवडाभर रेघ थोडी थोडी उतरते आणि एकदम वर चढते. प्रत्येक दात रविवारचा. सकाळी दहा ते अकरा."

रविवार भैरोबाचा, आणि भैरोबाचं देऊळ धरणाच्या भिंतीच्या टोकाला, दारं फिरवायच्या चाकाच्या खोलीपासून वीस पावलांवर.

"मार्चमधला एकच दात मंगळवारी आहे," प्रांजल हळू आवाजात म्हणाली. "त्या रविवारी तुम्ही कुंडलला होता. सोनमच्या साखरपुड्याला."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. सुलाबाईंनी ती खाली घेतली नाही. त्यांचा हात कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला होता.

"दातसुदिक मोजलंस व्हय गं पोरी," त्या अखेर म्हणाल्या. "अकरा वरसं झाली. मामंजींचं गुडघं गेलं त्या सालापास्नं. त्यांनी चाकाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठिवली. म्हणाले, दसऱ्याला दोन फेरं सोड, मग पाणी उतरंल तसा थोडा थोडा वाढवत जा, पाऊस लागला की लाव. का, ते न्हाई सांगितलं. मी बी न्हाई इचारलं. पयल्या उन्हाळ्यात खाली नदीतल्या डोहावर गेले आन् मला कळलं." भाकरी करपायला लागली तशी त्यांनी ती उचलली. "तू सभेत गळतीच म्हण. गळती म्हटलं की कुणाचं नाव येत न्हाई. त्या नावावर इतकी वरसं पाणी गेलं."

"आणि त्याच नावावर आता बंद होणार, काकी. तात्या आज नव्या दाराचा ठराव मांडतायत. पोलादी दार, मोटर, बटण ऑफिसात. जानेवारीत बसेल. मी गळती म्हटलं की ते दुरुस्त करणार. गळतीचं दुसरं काय करतात?"

सुलाबाईंनी या बाजूने विचारच केला नव्हता. त्या खाली बसल्या.

"आन् गळती न्हाई म्हटलं, तर ब्याऐंशी वरसांचं मामंजी चोर."

आकडे प्रांजलने चार वेळा तपासले होते. हे वाक्य आकड्यांत कुठे बसवायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. "अध्यक्षांच्या इंजिनेर बाई उठल्या का?"

बनुआत्या. नाथाजींची धाकटी बहीण, माणमध्ये दिलेली. दोनशे मेंढरं गावाबाहेरच्या मोकळ्या रानात बसवून ती थेट आली होती, डोक्यावरचा पदर अजून धुळीने पिवळा. नाथाजींच्या मुलाच्या, ऋषीच्या, लग्नातला रुसवा संपून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आता दाराचं निघालं होतं.

"आत्या, बसा. चहा टाकते."

"चहा ठिव. इचारायला आले. नवं दार बसलं की मरळीचा डोह फेब्रुवारीतच आटणार. माझी मेंढरं पाऊस लागंपतूर त्या डोहावर असत्यात. मग मी कुठं जायचं? शिरवळला, तुझ्या बापाच्या कंपनीत? गेटावर उभी करू दोनशे मेंढरं?"

"बने, पोरीला कशाला बोलतीस," सुलाबाई म्हणाल्या.

"वैनी, दादाला बोलून बघितलं. दादा म्हणतो, टँकर लावतो. डोहातल्या मरळ माशांस्नी बी टँकर लावणार का दादा?"

ती चहा न घेता गेली. सुलाबाईंनी करपलेली भाकरी मोडली, कुत्र्याला टाकली, आणि सभेला जायचं लुगडं काढायला आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुला जे दिसलं ते सांग. माझं मी बघते."

*

सोसायटीच्या गोदामासमोरच्या शेडात सव्वाशे माणूस जमलं होतं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. तलाव यंदा सांडव्यावरून वाहिला होता आणि त्यामुळे सगळ्यांची तोंडं उजळ होती. भरल्या तलावाची सभा गोडीत होते. भांडणं असतात ती निम्म्या तलावाची. पुढे फळा, फळ्याशेजारी पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंता माया मॅडम वही उघडून बसलेल्या, आणि पहिल्या ओळीत खुर्चीवर ज्योतिबा. नाथाजींचे वडील, सुलाबाईंचे मामंजी, सगळ्यांचे आबा. तीस वर्षं या धरणाचा पाटकरी, म्हणजे दारं उघडायची, लावायची, पाळीचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात पोचवायचं, हे काम त्यांचं. गळणाऱ्या दाराचा पाटकरी म्हणून त्यांची थट्टाही तितकीच जुनी होती. आताही मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, येताना घरचा नळ नीट लावला न्हवं?" आणि चार जण हसले. आबा समोर बघत राहिले.

नाथाजींनी खडू घेतला. फौजेतून सुभेदार म्हणून परत येऊन बारा वर्षं झाली तरी फळ्यासमोर ते सावधानमध्येच उभे राहत.

"तलावातलं पाणी शंभर भाग समजा," ते म्हणाले आणि लिहीत गेले. पिण्याला बारा. उन्हाने उडून जाणार ते अठरा. वरच्या आणि मधल्या अंगाला चव्वेचाळीस. पाटाच्या शेपटाला वीस. "आणि हे सहा. गळती." त्यांनी सहाच्या आकड्यावर तळहात फिरवला. फळ्यावर पांढरा डाग उरला. "हे सहा भाग आपण तीस वरसं नदीत सोडून दिलं. नवीन दार बसलं की एक पाळी जादा. उन्हाळ्यात, मे महिन्यात, ऊस डोळ्यांदेखत वाळतो तवा. बोला."

टाळ्या पडल्या. ऋषिराजने, त्यांच्या मुलाने, सगळ्यांत जोरात वाजवल्या. त्याचा दोन एकरांचा नवा लागणीचा ऊस त्या पाळीवर उभा राहणार होता.

शेपटाकडचा कोंडीबा उठला. "आध्यक्ष, ती जादा पाळी शेपटापतूर येणार का मधीच जिरणार?"

"लाइनीत या, सबको मिलेगा."

"लाइनीतच हाय. वीस वरसं झाली, लाइनीच्या शेवटाला."

हशा झाला. नाथाजीही हसले. ते रंगात आले होते. "आता आमची पुतणी आकडा सांगंल. हवेतला न्हाई, मशिनीनं मोजलेला."

प्रांजल उठली. बायकांच्या बाजूला सुलाबाई मांडी घालून बसल्या होत्या, हात मांडीवर, किल्ल्या पदराखाली. सगळ्यांच्या मागे शेडाच्या खांबाला टेकून बनुआत्या उभी होती. ती सभासद नव्हती, तिला मत नव्हतं. प्रांजलने लॅपटॉप उघडला नाही. रेघ इथे कुणाला दाखवणार?

"तात्या, मी वर्षभर मोजलं. दारातून दिवसाला साधारण पंधरा लाख लिटर पाणी जातं. तुमचे सहा भाग बरोबर आहेत. पण ती गळती नाही."

"म्हंजी?"

"कोंडीबाकाका, तुमच्या गोठ्यावरच्या टाकीची तोटी गळते, समजा. टाकी भरलेली असताना धार कशी असते?"

"चांगली करंगळीएवढी."

"आणि टाकी तळाला गेली की?"

"बारीक हुती. थेंबावर येती."

"ही धार बारीक झाली नाही. तलाव दसऱ्याला काठोकाठ होता तेव्हा जेवढी, तेवढीच मेमध्ये चिखल दिसायला लागला तेव्हा. तोटी गळत असती तर असं झालं नसतं. तोटी कुणीतरी सोडतंय. आणि पाणी उतरेल तशी थोडी थोडी जास्त सोडतंय."

शेडात एकदम सगळे बोलायला लागले. कुणी खालच्या गावाचं नाव घेतलं, कुणी वीटभट्टीवाल्यांचं. माया मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"नाव सांग," नाथाजी म्हणाले. आवाज फौजेतला. "तुला ठाऊक असणार. नाव सांग, आजच्या आज गुन्हा दाखल करतो. अध्यक्ष म्हणून शब्द देतो, कुणीबी असू दे."

"यंत्राला नाव कळत नाही, तात्या. वेळ कळते."

"मग वेळ सांग."

वेळ सांगितली असती तर अर्ध्या शेडाला नाव कळलं असतं.

"मी," आबा म्हणाले. ते काठीवर जोर देऊन उठत होते. "मी सोडतो पाणी. माझं नाव लिवा."

नाथाजींनी वडिलांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा आधी कळवळला, मग चिडला. "आबा, खाली बसा. तुमास्नी घराच्या दोन पायऱ्या चढवत न्हाईत. भिंतीवर तुमी अकरा वरसं गेला न्हाई. कुणाला झाकताय?"

"मला," सुलाबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या, जुडगा कमरेतून काढला आणि त्यातली एक लांब काळी किल्ली वेगळी धरली. ती किल्ली नाथाजींच्या कपाटाच्या किल्लीशेजारीच होती. अकरा वर्षं त्यांनी पँट-शर्ट काढायला रोज तो जुडगा मागून घेतला होता.

"दर रविवारी. देवदर्शन झाल्यावर. करा गुन्हा दाखल."

नाथाजींच्या हातातला खडू मोडला. ते म्हणाले, "आन् मी लोकांना सांगत हुतो, आमची मंडळी लय देवभक्त. रविवार चुकत न्हाई."

"नारळ बी फोडत हुते की," सुलाबाई म्हणाल्या.

पहिला हसला कोंडीबा, मग त्याच्या ओळीतले, मग माया मॅडमनी वही तोंडावर धरली. नाथाजी हसले नाहीत. पण गुन्ह्याचा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

"का?" त्यांनी विचारलं. बायकोला नाही, वडिलांना.

आबा उभेच होते. "बनीच्या लग्नाच्या दुसऱ्या साली वरनं हुकूम आला, नदीचं दार घट्ट लावा. मी लावलं. रबर बदललं, बोल्ट आवळलं, थेंब गळू दिला न्हाई. मार्चात डोह आटला. मेंढरं पाण्याच्या आशेनं चिखलात उतरली आन् रुतून बसली. एकेचाळीस. बनीच्या सासरची. मी काढायला गेलो तर नव्या नवरीनं मलाच धीर दिला, आबा, देवाची करणी. देवाची कुठनं? दार मी लावलं हुतं." त्यांनी दम घेतला. "पुढच्या दसऱ्याला दोन फेरं सोडलं. रजिस्टरात काय लिवायचं? लिवलं, गळती. खात्यानं तीनदा रबर पाठवलं. तीन बी घरात माळ्यावर हाईत."

मागे खांबाशी बनुआत्या दोन्ही हातांनी काठी धरून उभी होती. बत्तीस उन्हाळे तिने डोहावर काढले होते, आणि गळक्या दाराला दरवर्षी हळदकुंकू वाहिलं होतं. "आबा, मला कवा बोलला न्हाई," ती म्हणाली.

"तुला बोललो असतो तर सगळ्या माणला कळलं असतं."

नाथाजींनी खडूचा तुकडा फळ्याच्या कडेला ठेवला. "झालं ते झालं. आबांनी दयेपोटी केलं, मान्य. पण सभा दयेवर चालत न्हाई. इथं सव्वाशे खातेदार हाईत. ऋषी, तू बोल. तुझा ऊस हाय."

ऋषिराज उठला खरा, पण बापाच्या बाजूने बोलायला नेहमी उठे तसा झटकन नाही.

"तात्या," तो म्हणाला. तोही वडिलांना तात्याच म्हणे. "दोन वरसांमागं भिंतीचं काम निघालं हुतं. नदीच्या दारापुढं वाळूची पोती टाकून सगळं बंद केलं. चाळीस दिवस."

"मग?"

"मग आपली इहीर. त्या चाळीस दिवसांत मी मोटर दोनदा खाली सोडली. वीस फूट. इहिरीच्या कडेला चुन्यानं खुणा केल्यात, अजून हाईत. तुमी म्हणाला, यंदा भूजलच गेलं. पोती काढली आन् बारा दिवसांत पाणी पयल्या खुणेवर." तो आईकडे बघत नव्हता. प्रांजलकडे बघत होता. "हे तू मोजलंस का?"

"विहिरी मोजायला मला सांगितलं नव्हतं, ऋषीदादा," प्रांजल म्हणाली. तिला आत्ता कळत होतं की आपल्या वर्षभराच्या रेघेचं दुसरं टोक या चुन्याच्या खुणांमध्ये होतं. "पण दारातलं पाणी डोहात थांबत नाही. तिथून वाळूतून दोन्ही काठांना झिरपतं. नदीकाठच्या विहिरी किती?"

"एकोणीस," तीन-चार जण एकदम म्हणाले. मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं. बांधावरच्या शेजाऱ्याची मोटर त्या चाळीस दिवसांत खाली गेली होती हे ज्याला त्याला ठाऊक होतं; एकोणीस मोटरी एकदम गेल्या होत्या हे आज पहिल्यांदा कुणीतरी मोजलं होतं.

सुलाबाई अजून उभ्या होत्या. "आवं, उसाला पाटाचं पाणी महिन्यातनं पंधरा दिस. बाकीचं पंधरा दिस इहिरीचं. इहीर कुणाच्या जिवावर? त्या जादा पाळीसाठी तुमी तिचाच झरा बुजवताय."

नाथाजींनी फळ्यावरच्या पांढऱ्या डागाकडे बघितलं. त्यांचा निवडणुकीतला शब्द त्या डागात होता. जादा पाळी देईन म्हणून ते निवडून आले होते.

"एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितल्याबिगर मानणार न्हाई," ते म्हणाले. "दार खरंच गळत न्हाई? तीस वरसांचं जुनं दार. चला भिंतीवर. सगळे."

*

ज्योतिबांना खुर्चीसकट चौघांनी उचललं. चराजवळ, खाचेसमोर खुर्ची ठेवली. भिंतीवर चाकाच्या खोलीत नाथाजी, सुलाबाई आणि माया मॅडम. बाकीचं गाव उतारावर, जत्रेत कुस्तीचा फड बघायला बसावं तसं. दसरा आठच दिवसांपूर्वी होऊन गेला होता. त्रिकोणी खाचेतून पाण्याची एकसारखी पारदर्शक घडी खाली पडत होती.

वरून सुलाबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "उलटं न्हवं. उजवीकडं. आवं, रणगाडा हाय का तो, हळू."

"मला शिकवू नकोस."

"एक फेरा. हं. दुसरा. आता चाक जड लागंल, तवा थोडं आवळा. बस."

खाली पाण्याची घडी पातळ झाली. प्रांजलने घड्याळ लावलं. घडीची धार झाली, धारेची रेघ झाली. वरच्या अंगाला चरात साठलेलं पाणी ओसरायला वेळ लागणारच होता. तिने हिशोब करून दहा मिनिटं धरली होती, आणि दहाव्या मिनिटालाही खाचेच्या टोकावरून एक थेंब लोंबत होता. आबा खुर्चीत पुढे वाकून त्या थेंबाकडे बघत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

अकराव्या मिनिटाला थेंब पडला. त्याच्या मागे दुसरा आला नाही.

"थांबलं," ऋषिराज ओरडून म्हणाला. त्याने वाकून खाचेखाली हात घातला, वर काढून दाखवला. बोटांना नुसता चिखल.

सगळा उतार उभा राहिला. सकाळी नळाची थट्टा करणारा माणूस पुढे येऊन आबांच्या पाया पडला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरचा नळ बी मीच बशिवलाय."

नाथाजी खाली आले. हातांना चाकाचं ग्रीस लागलं होतं. फळा कुणीतरी उचलून आणला होता. सभा तिथेच सुरू झाली. "मॅडम, नियमात बसतं का हे? नदीला पाणी द्यायचं?"

"कोटा तुमच्या संस्थेचा," माया मॅडम म्हणाल्या. "कुणाला किती ते सभेनं ठरवायचं. नदीला देऊ नका असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

"मग नवं दार माघारी घेतो आन् हे मांडतो. सहा भाग, नदी. हाय ते उघड करायचं, चोरून न्हाई."

"आन् शेपटानं काय बघायचं?" कोंडीबा म्हणाला. "नदी आमच्याकडं येत न्हाई. आमची इहीर बी काठाला न्हाई."

त्याच्यामागे पन्नास-साठ जण उभे होते, आणि ती कुरकुर खरी होती. नाथाजींनी पुतणीकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्या नजरेत हुकूम नव्हता.

"तात्या, नदी आत्ता बघा," प्रांजल म्हणाली. दार बंद होऊन पाऊण तास झाला होता, आणि खालच्या खडकांतून उंबरा नदी तशीच खळखळत होती. "पावसाळ्यातलं पाणी डोंगरातून अजून झिरपतंय. नोव्हेंबरअखेरपर्यंत नदी स्वतःच्या पाण्यावर वाहते. तिला दाराची गरज लागते डिसेंबरपासून. दसऱ्याला उघडलेलं दार सहा आठवडे उगीच वाहतं. दरवर्षी."

सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मामंजी दसरा म्हणाले, मी दसरा धरला."

"मला काय ठाऊक," आबा म्हणाले. "दसऱ्याला नवं काम सुरू करत्यात, म्हणून मी दसऱ्याला सुरू केलं."

"ते सहा आठवडे म्हणजे सहातला एक भाग," प्रांजल म्हणाली. "पाच नदीला पुरतात. एक उरतो."

नाथाजींनी ग्रीसच्या हाताने खडू घेतला. पांढऱ्या डागावर लिहिलं, नदी पाच. शेपटाचे वीस पुसले आणि एकवीस केले. पाटाच्या शेपटाला नेहमी सगळ्यांच्या मागून मिळे; आधी मिळालेला हा पहिलाच भाग. कोंडीबा फळ्याकडे बघत राहिला, मग मागे वळून आपल्या लोकांना म्हणाला, "हात वर करा की, बघताय काय."

एकशे बारा हात वर गेले, नऊ खाली राहिले. त्या नऊ जणांतले चार वरच्या अंगाचे मोठे बागायतदार होते. पुढच्या निवडणुकीत ते काय करणार हे नाथाजींना दिसत होतं, आणि तरी त्यांचा स्वतःचा हात एकशे बारांमध्ये होता.

"बने," ते म्हणाले. बहिणीला त्यांनी वर्षभरात या नावाने हाक मारली नव्हती. "मेंढरं किती दिवस बसवणार माझ्या रानात?"

"तुझ्या रानात?" बनुआत्या म्हणाली. "माझं लेंडीखत फुकट न्हाई, दादा. आदी जेवायला घाल, मग बघू."

नाथाजींनी मान हलवली. मग ते सुलाबाईंकडे वळले, हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली. नाथाजींनी ती तळहातावर उलटसुलट करून बघितली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "डिसेंबरचा पयला रविवार. रजिस्टरात सही करून उघडायचं."

"आन् नारळ?"

"नारळ मी आणतो."

लोक पांगायला लागले. माया मॅडमनी पाणी सोडल्याचं रजिस्टर उघडलं. तारीख घातली. छापील रकान्यांत चौथा रकाना गळतीचा होता; मागची सगळी पानं त्या रकान्यात एकाच मजकुराने भरली होती, आधी आबांच्या टपोऱ्या अक्षरात, मग इतरांच्या. चालू आहे. चालू आहे. चालू आहे.

"इथे काय लिहू?" त्यांनी प्रांजलला विचारलं.

प्रांजल उत्तर देणार होती. आकडा तिच्याकडे होता. पण खुर्चीतून ज्योतिबांनी हात लांब केला, पत्र्याच्या कोरड्या खाचेवर बोट फिरवलं, आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"लिवा," ते म्हणाले. "गळती, शून्य. खाली माझं नाव."